एक गोळी आणि स्टॉकहोमचा अर्ज

नोबेल पारितोषिकासाठी कुणाच्या नावाची शिफारस करायचा योग तुमच्यापैकी कुणाला आलाय का? मला आलाय! तोही आपल्या कोल्हापुरात, होस्टेलच्या कॉटवर बसून, दहा मार्कांसाठी.

तर झालं असं... कम्युनिकेशन स्किल्सच्या तासाला सरांनी आम्हा बायोटेकवाल्यांना असाइनमेंट दिली. वैद्यकशास्त्राच्या नोबेलसाठी एका भारतीय संशोधकाची शिफारस लिहा. एक पान. सोमवारी सबमिशन. वर नियम खरे पाळायचे! स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही. माणूस हयात हवा. पारितोषिक जास्तीत जास्त तिघांत वाटलं जातं. आणि शिफारस कुणीही उठून करू शकत नाही. आधीचे नोबेल विजेते, ठरावीक विद्यापीठांतले प्राध्यापक आणि समितीने बोलावलेले तज्ज्ञ यांनाच तो हक्क. नाव ३१ जानेवारीच्या आत पोचलं पाहिजे आणि कुणी कुणाला सुचवलं हे ५० वर्षं गुप्त.

रविवारी रात्री मेसचं जेवण उरकून आम्ही चौघं बसलो. एकाने जाहीर केलं, "जयंत नारळीकर! आपल्या कोल्हापुरात जन्म, १९३८." पण विषय खगोलशास्त्र, आणि सर मे २०२५ मध्ये गेले. दुसऱ्याने कमला सोहोनींचं नाव काढलं. १९३३ मध्ये बंगळूरच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, तरी हटल्या नाहीत, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पण त्याही १९९८ मध्ये गेल्या. दोन्ही विकेट पडल्या!

आमच्या बेळगावच्या पार्टनरने तिसरं नाव वाचून दाखवलं. कोलकात्याचे शंभुनाथ डे. कॉलऱ्याचे जंतू आतड्यात एक विष सोडतात आणि शरीरातलं पाणी त्या विषामुळे ओढलं जातं, हे त्यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं. १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव एकापेक्षा जास्त वेळा सुचवलं. पारितोषिक मिळालं नाही. १९८५ मध्ये डे गेले. "म्हणजे नोबेलवाल्यानं नाव घालूनसुद्धा होत नाही भावा," पार्टनर म्हणाला. मग कुणी काहीच बोललं नाही.

मी लिहिलं महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांवर. विंचवाच्या दंशावर काम करणारे डॉक्टर, २०२२ चे पद्मश्री. आमचं गाव त्याच भागातलं, म्हणून नाव ऐकून माहीत होतं, एवढंच. 'थोर', 'महान', 'ऋषितुल्य' असे शब्द ठासून भरले आणि सोमवारी दिलं.

पान परत आलं. वर लाल शाईत एकच ओळ : "हे मानपत्र झालं, शिफारस कुठे आहे?" खाली तीन प्रश्न. आधी काय होतं? यांनी काय केलं? नंतर काय बदललं?

मग लायब्ररीत बसलो. बावस्करांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' वाचलं, इंटरनेटवर लेख शोधले. लाल विंचवाचं विष शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर आणतं. घाम फुटतो, हातपाय गार पडतात, हृदय दमतं, फुप्फुसात पाणी भरतं. ही लक्षणं त्यांनी १९७६ पासून कोकणातल्या सरकारी दवाखान्यात रोग्याच्या उशाशी बसून नोंदली. १९८२ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये आली. मग प्राझोसिन नावाची, रक्तदाबासाठी वापरली जाणारी साधी गोळी त्यांनी वापरली. डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबतचा तो निबंध १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला. गंभीर रुग्णांतला मृत्युदर चाळीस टक्क्यांच्या आसपास होता, तो एक टक्क्याच्या आसपास उतरला. पुढे २०११ मध्ये त्यांनीच दाखवलं की गोळीबरोबर प्रतिविषही दिलं तर रुग्ण लवकर बरा होतो. हेही पानात घातलं. गोळी त्यांनी शोधलेली नाही, ती आधीपासून होती, हेसुद्धा घातलं. सर म्हणाले, "कच्ची बाजू आपणच सांगायची. समिती शोधून काढतेच."

"आधी काय होतं?" याला मात्र आकड्यापलीकडे काही सुचेना. म्हणून घरी फोन लावला. आजीला विचारलं, पूर्वी आपल्याकडे इंचू चावल्यावर काय करायचे?

आजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "तुज्या आत्याला चावला व्हता की."

मला आत्या होती हेच मला माहीत नव्हतं! १९७४ साल. नऊ वर्षांची पोर, सरपण काढताना. मांत्रिक झाला, पाला झाला. "सकाळपातूर हातपाय बर्फावानी गार. घामानं भिजली व्हती नुसती." लायब्ररीत वाचलेली लक्षणं आजी मला ओळीने सांगत होती. 'लॅन्सेट' तिने कधी पाहिलेलं नाही.

"आणि तुज्या बाबालाबी चावला, भातकापणीत. तुजा जलम झाला न्हवता तवा. त्याला दवाखान्यात नेला. एक बारकी गोळी दिली. वाचला."

बाबांना त्या गोळीचं नाव आजही माहीत नाही. ती कुणी सुचवली हेही नाही. एकाच घरातली बहीण आणि भाऊ. मधे वीसेक वर्षं आणि एक गोळी. मी फोन हातात धरून होस्टेलच्या जिन्यावर बसून राहिलो. माझ्या असाइनमेंटचा विषय मीच होतो की!

पान पुन्हा लिहिलं. एकही 'थोर' नाही. रात्री आजीला वाचून दाखवलं.

"मग त्या डाक्टरला बक्षीस मिळनार?"

"नाही आजी. मला पाठवायचा हक्कच नाही. हे सरांसाठी."

"मंग लिवलंस कशाला?"

मला उत्तर आलं नाही. तिनेच थोड्या वेळाने विचारलं, "तिचं नाव घातलंस का त्यात?"

नाव घालायला जागा नव्हती. 'आधी काय होतं?' याच्या खाली मी एक ओळ वाढवली : १९७४, मुलगी, वय ९ वर्षे, उपचार उपलब्ध नव्हता.

दहापैकी सात मिळाले. पान एका ओळीने जास्त झालं म्हणून एक मार्क गेला. बाकीचे दोन कुठे गेले ते मी सरांना विचारलं नाही.