एकोणीस वर्षांचे वडीलधारे

मोजा फाटका आहे हे माझ्या आधी लक्षात आले. धर्म मागाहून समजला.

१९९८ सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. इंग्लंडच्या लँकाशायर परगण्यात प्रेस्टन नावाचे गाव आहे. शहराचा दर्जा त्याला पुढे २००२ साली मिळाला. आम्ही राहायला गेलो तेव्हा ते गावच होते. कधीकाळी सूतगिरण्यांनी गजबजलेले आणि आता गिरण्या मिटल्यावर पावसात भिजत पडलेले. ह्यांची नोकरी तिथल्या एका रुग्णालयात. दिवसपाळी, रात्रपाळी, आणि दोन्हींच्या मधल्या वेळात झोप. म्हणजे संसारात ह्यांचा वाटा पगारापुरताच. घरात मी आणि मामंजी.

मामंजींनी वाईच्या शाळेत छत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले. आदल्या मार्गशीर्षात सासूबाई गेल्या आणि आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो. "हवापालट होईल," असे आम्ही म्हणालो. हवा पालटली खरी, माणूस मात्र मिटला. सकाळी उठावे, खिडकीपाशी बसावे, समोरच्या विटांच्या घरांकडे पाहावे. जेवायला हाक मारली की यावे. ज्या माणसाच्या आवाजाने चौथ्या इयत्तेपासून अकरावीपर्यंतचे वर्ग चिडीचूप होत, त्याच्या तोंडून दिवसाकाठी पाच वाक्ये निघत नव्हती.

अशा एका दुपारी दार वाजले. बाहेर दोन तरुण. पांढरे सदरे, गळ्यात टाय, छातीवर काळी पाटी; आणि पाणी असे निथळत होते, की नुकतेच नदीतून काढले असावेत. मी दार उघडताच उंच होता त्याने विचारले, "घरात कोणी पुरुष माणूस आहे का?"

मला रागच आला. बाईमाणसाशी बोलायची ही कोणती रीत? पण पुढे कळले, की त्यांच्या नियमाप्रमाणे घरात एकटी बाई असेल तर त्यांनी उंबरा ओलांडायचा नाही. मी म्हटले, "सासरे आहेत. पण बूट बाहेर काढा." त्यांनी मुकाट्याने बूट काढले, आणि धाकट्याच्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला. तो लाजून एका पायावर दुसरा पाय ठेवून उभा राहिला. तसल्या पोराला पावसात परत पाठवणे मला जमले नाही, इतकेच. त्यात धर्माचा काही संबंध नव्हता.

मी चहाचे आधण ठेवले, तर म्हणाले, "आम्ही चहा पीत नाही." कॉफी? तीही नाही. त्यांच्या पंथात चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू चौघांनाही एकाच रांगेत बसवून १८३३ सालीच बाहेर काढले आहे. चहाला नाही म्हणणाऱ्या पाहुण्यापुढे मराठी गृहिणीने करायचे तरी काय? शेवटी वेलदोडा घालून दूध तापवले. दोघांनी ते असे प्यायले, की पुढचे तीन महिने ते दूध म्हणजे आमच्या घरचा शिरस्ताच होऊन बसला.

पाटीवर आडनावाआधी 'एल्डर' लिहिलेले होते. एल्डर म्हणजे वडीलधारा! मामंजी त्या दिवशी खिडकी सोडून पहिल्यांदा स्वतःहून उठले, चष्मा लावून पाटी वाचली आणि म्हणाले, "वय काय तुझे?"

"एकोणीस, सर."

"मग 'वडीलधारा' हे विशेषण आहे की विनोद?"

पोरगा हसला. मामंजीही हसले. किती महिन्यांनी, ते मी मोजलेले नव्हते. पण हातातली दुधाची पळी तशीच धरून मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

हा धाकटा आयडाहोचा. बाप बटाट्याची शेती करणारा. त्यांच्या भागात बटाटा काढणीला शाळांना सुट्टी देतात, हे ऐकून मामंजींना शाळेतले भाताच्या काढणीला गैरहजर राहणारे विद्यार्थी आठवले. थोरला टोंगा बेटावरचा, अंगाने पहिलवान, आवाजाने कोकरू. त्यांच्याकडे मुलगे एकोणिसाव्या वर्षी (२०१२ पासून अठराव्या) दोन वर्षांसाठी प्रचाराला निघतात. कुठे जायचे ते चर्च ठरवते. पगार नाही, उलट खर्च घरचा. धाकट्याने लहानपणापासून शेतात राबून पैसे साठवले होते, ते असे दारोदार हिंडण्यासाठी.

दिनक्रम ऐकाल तर आपल्याकडच्या वेदपाठशाळेची आठवण व्हावी. साडेसहाला उठायचे, प्रार्थना, पोथीचे वाचन, मग दोघांनी मिळून पाठांतर, आणि मग दिवसभर दारे वाजवीत फिरायचे. रात्री साडेनवाच्या सुमारास घरी, साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, मुलींशी मैत्री नाही, आणि जोडीदाराला सोडून एकट्याने कुठे जाणे नाही. हप्त्यातला एक दिवस कपडे धुणे आणि घरी पत्र लिहिणे यासाठी. टेलिफोन वर्षातून दोनदाच: नाताळला आणि मातृदिनाला. आठवड्याला बोलण्याची मोकळीक पुढे २०१९ साली मिळाली, असे ऐकते. आणि एवढे करून दारे तरी कशी उघडतात? बहुतेक उघडतच नाहीत. आमच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ तर दोघे दिसले की पडदा ओढून घेत, आणि तो ओढताना दिसावा याचीही काळजी घेत.

तरी त्यांना प्रेस्टनचे भारी प्रेम. १८३७ साली अमेरिकेतून त्यांचे पहिले प्रचारक याच गावी आले, आणि ३० जुलैला रिबल नदीत नऊजणांना बाप्तिस्मा दिला. त्यात पहिला मान मिळावा म्हणून दोघांनी नदीपर्यंत शर्यत लावली होती म्हणे. मामंजी म्हणाले, "आम्हीही वाईला घाटावर धावतच जायचो, पहिली उडी कोणाची म्हणून. पुण्याचा मात्र विचार नव्हता." पुढे इथलेच हजारो गिरणी कामगार लिव्हरपूलहून गलबते धरून अमेरिकेला गेले. धाकट्याच्या पणजीची कोणी पणजी त्यातलीच. म्हणजे पोरगा एका अर्थी आजोळी आला होता, आणि आजोळ त्याच्या तोंडावर दार लावीत होते.

शिकवणीचे त्यांचे सहा पाठ असत. टेबलावर चित्रांची वही उभी करायची आणि आळीपाळीने बोलायचे. १८२० साली न्यूयॉर्क राज्यातला चौदा वर्षांचा जोसेफ स्मिथ, कोणता पंथ खरा हे देवाला विचारायला रानात गेला, ही पहिली गोष्ट. मामंजी लक्ष देऊन ऐकत, आणि मध्येच क्रियापदाचा काळ दुरुस्त करीत. एकदा त्यांनी ज्ञानेश्वरांची गोष्ट सांगितली. एकविसाव्या वर्षी समाधी घेतली म्हटल्यावर टोंगाचा पहिलवान बराच वेळ गप्प बसला. तोही एकवीसचाच होता.

धाकट्याची एक सवय मामंजींना खटके. प्रत्येक पाठ संपताना तो छातीवर हात ठेवून म्हणे, "हे खरे आहे हे मला ठाऊक आहे."

"'मी मानतो' म्हण," मामंजी सांगत. "'मला ठाऊक आहे' म्हणायला वय लागते."

"पण सर, मला ठाऊक आहे."

"व्याकरण बरोबर आहे, बाळ. अनुभव कमी आहे."

इथवर सगळे गमतीचे होते. दिवाळीत दोघांनी चकल्यांचा डबा बसल्या बैठकीला रिकामा केला, मामंजींनी धाकट्याला बाराखडी शिकवायला घेतली, घरात आवाज आला. पण एके दिवशी पाठ निघाला तो कुटुंबाचा. त्यांच्या मंदिरात लावलेले लग्न मरणाने तुटत नाही. नवरा-बायको, मुले, सगळी पुढेही एकत्र राहतात. प्रेस्टनजवळ चोर्लीला त्याच वर्षी जूनमध्ये असे मंदिर सुरू झाले होते. आणि मेलेल्यांच्या वतीने जिवंत माणसाला बाप्तिस्मा घेता येतो, म्हणून ते वंशावळी शोधतात. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांसारखेच की, असे मला वाटले. पण मामंजी हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारले, "म्हणजे आमची मंडळी मला भेटतील?"

"हो सर," धाकटा म्हणाला, आणि डोळ्यांत पाणी आणून पुढे म्हणाला, "तुम्ही बाप्तिस्मा घ्याल का?" त्याने तारीखसुद्धा सुचवली.

"आठवडाभराने सांगतो," मामंजी म्हणाले.

तो आठवडा मी विसरणार नाही. मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचून वाढलेली बाई. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले त्यानंतर त्या माउलीने काय सोसले, ते मला पाठ आहे. वाईला काय कळवायचे? ह्यांना सांगितले, तर हे जोडे काढता काढता म्हणाले, "बाबा बोलायला लागलेत ना? मग ते म्हणतील ते ऐकू." मला राग आला, आणि त्याहून जास्त माझी लाज वाटली. कारण पोरांना घरात घेतले ते मी. मामंजी बोलतात म्हणून ते पाठ चालू दिले तेही मीच. पोरे बिचारी प्रामाणिकपणे शिकवीत होती, आणि मी त्यांना औषधासारखी वापरीत होते. रात्री माडीवर मामंजींच्या येरझाऱ्या ऐकू येत.

ठरल्या दिवशी दोघे आले. मामंजी शाळेत जायचा कोट घालून बसले होते.

"बाळ," ते म्हणाले, "तू सांगितलेस ते मला फार आवडले. खरे असावे असे वाटते. पण आमचे चाळीस वर्षांचे एक ठरलेले होते. चुकामूक झाली, तर गणपतीच्या घाटावर थांबायचे. ती मला शोधत आली तर तिथे येईल. मी आता पत्ता बदलला, तर तिने कुठे बघायचे?"

"आपण त्यांच्याही नावाने करू शकतो, सर."

"तिला विचारल्याशिवाय मी तिच्या नावाने पोस्टात खातेसुद्धा उघडले नाही."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मला वाटले, आता हे उठणार आणि पुन्हा दिसणार नाहीत. धाकट्याने चित्रांची वही मिटली आणि विचारले, "मग परसातली पाने गोळा करायला आम्ही शनिवारी आलो तर चालेल?"

डिसेंबरात एके सकाळी ते अवेळी आले. धाकट्याचे आजोबा गेले होते. परत जायचे की नाही हे त्याच्यावर होते, आणि त्याने राहायचे ठरवले होते. दारात उभा होता. बूट काढायचेही सुचेना. मामंजींनी त्याला स्वयंपाकघरात नेले, समोर बटाट्यांची टोपली ठेवली, हातात सुरी दिली, आणि स्वतः शेजारी सोलायला बसले. दोघांनी न बोलता तीन-चार शेर बटाटे सोलले. मग मामंजींनी विचारले, "तिकडे विधी किती वाजता?" अकरा. आयडाहो सात तास मागे. म्हणजे आमचे संध्याकाळचे सहा.

सहाला मामंजींनी मला समई लावायला सांगितली. "तू तुझ्या रीतीने कर," ते धाकट्याला म्हणाले. पोरगा गुडघ्यांवर बसला, हात छातीशी घडी केले. आजोबांचे नाव घेतले, बटाट्याच्या शेताचे काहीतरी बोलला. "ते मला पुन्हा भेटतील हे मला..." म्हणाला आणि थांबला. पुढचा शब्द येईना. मामंजींकडे पाहिले.

"म्हण," मामंजी म्हणाले. "आज म्हण."

नव्या वर्षात त्याची बदली झाली. जाण्याआधी मामंजींनी त्याच्या बुटांना नवे तळवे बसवून आणले, आणि मी मोज्यांचे चार जोड दिले. पुढच्या वैशाखात मामंजी हट्टाने वाईला परतले आणि २००४ साली तिथेच गेले.

त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक पाकीट सापडले. आयडाहोचा शिक्का, २००० सालचा. आत लग्नाचा फोटो आणि चार ओळींचे इंग्रजी पत्र. पाकिटावर इंग्रजी पत्त्याच्या वर, डळमळीत देवनागरीत लिहिले होते: 'गूरुजी'. मामंजींनी तांबड्या पेन्सिलीने त्यातला दीर्घ उकार खोडून ऱ्हस्व केला होता, आणि खाली, वहीवर देत तसे, दहापैकी नऊ गुण दिले होते.