नो-गो

बाबा वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीला होते. 25 मिलिमीटरच्या भोकाचा प्लग गेज त्यांनी मला एकदा हातात दिला. एक टोक ‘गो’, 25.000 चं. दुसरं ‘नो-गो’, 25.021 चं, गळ्याशी लाल पट्टा. पहिलं आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. “नवशिका नुसतं गो घालून माल पास करतो,” बाबा म्हणाले. “अरे, भोक सैल असलं तरी गो जातंच की!”

24 फेब्रुवारी 2023 ला केंद्राने औरंगाबादच्या नव्या नावाला मंजुरी दिली. पुढे आमच्या चलनांच्या वेब ॲपमध्येही शहराचं नाव बदललं. एक चलन भरून पाहिलं, सेव्ह झालं, विषय संपला. काही दिवसांनी एका गिऱ्हाइकाने छापील चलन समोर ठेवलं. पत्त्यात रोमन लिपीत नुसतं ‘छत्रपती संभाजी’. शहराचा रकाना 20 अक्षरांचा होता. जुनं नाव रोमनमध्ये 10 अक्षरांचं, नवं मधल्या जागेसकट 25. डेटाबेस जुन्या, सैल सेटिंगवर चालत होता. त्याने शेवटची 5 अक्षरं गुपचूप कापली. विसावं अक्षर नेमकं ‘संभाजी’पाशी संपतं, म्हणून कुणाच्या डोळ्याला खटकलं नाही. ‘नगर’ तेवढं गेलं.

त्या रात्री प्लेराइट हे टेस्टिंगचं साधन बसवून पहिली ऑटोमेटेड टेस्ट लिहिली. ती स्वतः ब्राउझर उघडते, चलन भरते, सेव्ह करते, पान पुन्हा उघडते आणि नाव अक्षरन् अक्षर ताडून बघते. तिच्यासाठी डेटाबेस वेगळा, दर वेळी कोरा. चूक मी मुद्दाम तशीच ठेवली आणि टेस्ट चालवली. नापास, म्हणजे लाल. मग रकाना 100 अक्षरांचा केला. हिरवी. आधी दुरुस्ती केली असती, तर ही टेस्ट चूक पकडते की नुसतीच हिरवी राहते, हे कळलं नसतं.

मग दुसरं टोक. 101 अक्षरांचं नाव घातलं. ॲपने ते नाकारायला हवं होतं, पण मुकाट्याने कापून घेतलं. ही टेस्टही लाल. तेव्हा डेटाबेसची सैल सेटिंग कडक केली आणि फॉर्मवर मर्यादा घातली.

आता कोड पाठवला की टेस्ट आपोआप चालतात. टीममधल्या नव्या मुलाची टेस्ट आली, की मी कोडची एक ओळ बिघडवून बघतो. टेस्ट तरीही हिरवीच राहिली, तर ती परत जाते.

बाबांना हे सांगितलं, तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. “गेज झिजतो,” ते म्हणाले. “म्हणून आम्ही गेजही तपासायला पाठवायचो.”