हजेरी

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) वाचताना आम्हांला सर्वाधिक टोचतो तो 'हजेरी' हा साधा शब्द. लेखकाचे धनेगाव १९८२पर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात होते. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला. हजेरीची वही मिटली, संशय मिटला नाही. जामिनावरील आरोपीने मोबाइलवरून आपला ठावठिकाणा पोलिसांना सतत दाखवावा, ही अटही हजेरीच. सर्वोच्च न्यायालयाने ती जुलै २०२४मध्ये अमान्य केली. वॉरंटांच्या नोंदी मात्र खुल्या असाव्यात, असे आम्ही मानतो. माणसाला का धरले, हे घरच्यांना कळलेच पाहिजे. परंतु वॉरंट रद्द झाल्यावर तिथले नावही पुसले जावे. चावडीवरची वही निदान गावापुरती होती. संगणकावरची नोंद कोणीही, कोठूनही वाचतो.