मनूस, तिच्या दुखण्याबद्दल

प्रिय मनू,

हे पत्र तुझ्या नावाने आहे, पण पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. तुझ्यासारखे गिनिपिग आता शहरातल्या फ्लॅटांमधून बरेच दिसतात. माझ्या नातीच्या, सईच्या वर्गातल्याच काही मुलांकडे आहेत. त्यांच्या घरच्यांना विचारलं तर गिनिपिगला मुतखडा होतो हे बहुतेकांच्या गावीही नसतं. होतो, आणि बऱ्याच जणांना होतो. अडीच-तीन वर्षांच्या पुढे गेलेल्या गिनिपिगच्या घरात हा विषय आज ना उद्या निघतोच. तेव्हा तुझ्या दुखण्यातून जे कळलं ते इतरांच्याही हाती लागावं, एवढ्यासाठी हा उघडा कागद.

आधी तुझ्या आवाजाबद्दल. कोथिंबिरीच्या जुडीचा कागद वाजला की तू जी शीळ घालतेस ती जिन्यापर्यंत ऐकू जाते. लघवीच्या वेळचा आवाज निराळा होता. तू कोपऱ्यात मागे सरायचीस, पाठीची कमान व्हायची, मागचा भाग उचलला जायचा आणि मग एक बारीक, लांबत आणि चढत जाणारा ‘चीं’. पडायचे ते थेंब-दोन थेंब. मग वळून तिथेच चाटायचीस आणि पुन्हा तशीच कमान करून बसायचीस. लेंड्या टाकतानाही तोच आवाज. अंगाखालच्या फ्लीसवर गुलाबी डाग दिसायला लागले ते त्यानंतर. म्हणून वाचणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की रक्त दिसण्याची वाट पाहू नका. आवाज बदलला, बसण्याची ढब बदलली, मागची बाजू ओली राहून वास यायला लागला, दात खाल्ल्याचा कर्रकर्र आवाज आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नर असेल, कुंथत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबू नका. नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो, खडा अडकला की वाट पूर्ण बंद होते आणि मग हातात काही तासच उरतात.

तुमची जात शिकार होणाऱ्यांची. अँडीजच्या डोंगरांत तुमच्या पूर्वजांना माणसाने हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं, पण अंगातली भीती काही गेली नाही. जो लंगडतो, कण्हतो, तो आधी सापडतो, हे तुमच्या हाडीमाशी भिनलेलं आहे. त्यामुळे दुखणं उघड दिसायला लागतं तोवर ते बरंच पुढे गेलेलं असतं. तुझं पहिलं दिसलं ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर. सई दर रविवारी तुला टोपलीत बसवून वजन करते आणि कॅलेंडरवर लिहिते. तू गवत खात होतीस, निदान खाताना दिसत होतीस, आणि आकडा मात्र उतरत होता. गिनिपिग पाळणाऱ्याने एकच वस्तू घ्यायची असेल तर मी रंगीत बोगदा नाही, ग्रॅममध्ये मोजणारा काटा घ्यायला सांगेन.

आता हा खडा होतो कसा. माणसाचं आतडं अन्नातलं कॅल्शिअम साधारण गरजेपुरतं उचलतं. तुझं आतडं समोर येईल त्यातलं बरंचसं उचलतं आणि जास्तीचं मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकतं. शिवाय पाला खाणाऱ्या तुम्हा प्राण्यांची लघवी अल्कधर्मी, सामू आठ ते नऊच्या आसपास. अशा लघवीत कॅल्शिअम कार्बोनेटचे स्फटिक सहज धरतात. म्हणून तुझी लघवी मुळातच थोडी गढूळ, आणि वाळली की पांढरट पूड मागे राहते. ती पूड दिसली की घाबरायचं नसतं. ती दाट झाली, हाताला वाळूसारखी कचकचायला लागली, की मात्र सावध व्हायचं. अंड्याचं कवच ज्याचं बनलेलं असतं त्याच द्रव्याचा हा खडा. पूर्वी असे खडे ऑक्सलेटचे मानले जायचे. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेने गिनिपिगचे खडे नीट तपासले तेव्हा बहुतेक कॅल्शिअम कार्बोनेटचेच निघाले. त्यामुळे नुसता पालक बंद केला की निभावलं, हा समज अपुरा आहे.

या कॅल्शिअम कार्बोनेटच्या खड्याचं एक वाईट आहे: तो औषधाने विरघळत नाही. मांजरांच्या काही खड्यांना विशेष आहार देऊन विरघळवता येतं, तुझ्या खड्याला ते लागू नाही. हे कळकळीने सांगते, कारण तुझं कळल्यावर घरी येणाऱ्या प्रत्येकाकडे एक उपाय तयार होता. कुळथाचं कढण. बार्लीचं पाणी. आणि पानफुटीचं पान, ‘आमच्या ह्यांचा खडा त्यानेच पडला’ म्हणून. माणसं प्रेमाने सांगतात, पण पानफुटीच्या झाडात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. ऑस्ट्रेलियात ही झाडं कुरणात पसरली तिथे ती खाऊन गुरं मेलेली आहेत. किलोभरही नसलेल्या जिवाच्या तोंडात ते पान कुणी देऊ नये.

डॉक्टरांचं सांगायचं तर आपल्याकडचे बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे. जनावरांच्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो. गिनिपिग नीट जाणणारे, ज्यांना सगळे ‘एक्झॉटिक’वाले म्हणतात, ते मोठ्या शहरांतच आणि मोजकेच. म्हणून घरच्यांनीच काही गोष्टी पक्क्या माहीत करून ठेवायच्या. पहिली, लघवीत रक्त दिसलं की अँटिबायोटिकचा कोर्स देऊन घरी पाठवणं पुरेसं नाही. जंतुसंसर्ग असतो, विशेषतः माद्यांमध्ये, पण खड्याच्या जोडीनेही असतो. मोठ्या वयाच्या मादीत ते रक्त गर्भाशयाचंही असू शकतं. एक्स-रे हवाच. हे खडे एक्स-रेत लख्ख पांढरे दिसतात. मात्र एक्स-रे मागच्या टोकापर्यंत पूर्ण घ्यायला सांगावं. खडा कित्येकदा मूत्रमार्गाच्या तोंडाशी येऊन बसलेला असतो आणि फोटो अलीकडेच कापला गेला तर तो निसटतो. तुझा मूत्राशयातच होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. एवढ्याशा पोटात एवढा मोठा. तो ऑपरेशन करूनच काढावा लागला.

दुसरी गोष्ट जिवावरची आहे. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही माणसांच्या घराघरांत उरलेली औषधं गिनिपिगला तोंडाने द्यायची नाहीत. आतड्यातले कामाचे जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि काही दिवसांत प्राणी जातो. तुम्हाला चालणारी अँटिबायोटिक्स वेगळी आहेत, डॉक्टरांना ती ठाऊक असतात. आपण फक्त, ‘गिनिपिगला चालतं ना?’ हे धीटपणे विचारायचं.

तिसरी, उपास. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, ही कुत्र्यासाठीची सूचना तुला लागू नाही. तुला उलटी होतच नाही, आणि आतडं काही तास रिकामं राहिलं तर ते चालायचंच थांबतं. ऑपरेशननंतरही तेच. शुद्धीवर आल्यावर जितक्या लवकर पोटात काही जाईल तितकं बरं. पेलेट भिजवून, गुळगुळीत वाटून, सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने थोडं थोडं. सईने हे रात्री जागून केलं. तू मान फिरवायचीस, ती थांबायची, तू चावायला लागलीस की पुढचा घोट.

आणि आता ज्याच्यासाठी मी लिहायला बसले ते. खडा काढण्याचं सगळेच बोलतात, दुखण्याचं फार कमी. ‘प्राण्याला एवढं कळत नाही’ हे वाक्य मी तुझ्या आजारपणात कितीतरी तोंडून ऐकलं. मूत्राशयाच्या आतल्या नाजूक अस्तरावर खरखरीत खडा घासतो तेव्हा काय होतं ते ज्या माणसाला मुतखडा झाला त्याला विचारावं. तुझ्या नसा काही वेगळ्या धाग्याच्या नाहीत. दुखलं की तू खात नाहीस, खाल्लं नाही की आतडं थांबतं, यकृतावर चरबी चढते, आणि मूत्राशयाचं दुखणं बाजूला राहून जीव जातो तो उपासमारीने. म्हणून वेदनाशामक म्हणजे उपचार झाल्यावरची मेहेरबानी नव्हे, तोच उपचाराचा पहिला भाग. मेलॉक्सिकॅम बहुतेक डॉक्टर देतात. मात्र वजनाच्या मानाने गिनिपिगला कुत्र्यापेक्षा जास्त मात्रा लागते, आणि कुत्र्याच्या हिशोबाने दिलेल्या दोन थेंबांनी दुखणं तसंच राहतं. गरज पडली तर त्याच्या जोडीला अधिक ताकदीचं औषध दवाखान्यात देतात. मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे बघून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम नाही म्हणजे नाही. काही गिनिपिगना खडाही नसतो, जंतूही सापडत नाहीत, तरी मूत्राशय सुजलेलं राहतं आणि दुखत राहतं. त्यांना तर हे औषध महिनोन्‌महिने लागतं. ते द्यावं. त्यात लाड कसले?

तुझ्या खाण्याचं सगळ्यांना एकच विचारायचं असतं, कॅल्शिअम कुठल्या भाजीत किती. तक्ते भिंतीवर लावणारी माणसं मला माहीत आहेत. माझं मत असं, की तक्त्यापेक्षा पाणी आणि गवत महत्त्वाचं. कॅल्शिअम अजिबात तोडायचं नसतं, हाडं-दातांना ते लागतंच, फक्त ढीग घालायचा नसतो. आपल्याकडे खरी गडबड लसूणघासाने होते. चाऱ्याच्या दुकानात तो बारमाही आणि स्वस्त मिळतो, दुकानदार हौसेने देतात, आणि बऱ्याच पेलेटच्या पाकिटांतही तोच वाळवून घातलेला असतो. त्यात टिमोथी गवताच्या अडीच-तीन पट कॅल्शिअम असतं. वाढत्या पिल्लाला आणि गाभण मादीला तो चालतो, मोठ्याला रोज नाही. रोजचं पोट सुक्या गवतानेच भरायला हवं. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, तेव्हा हुंगून बघायचं आणि कुबट गवत सरळ टाकून द्यायचं. बाकी पेलेट चिमूटभर, तीही टिमोथीची. शेवग्याचा पाला, पालक, मेथी लांबच बऱ्या. ढोबळी मिरचीचा तुकडा रोज हवा, कारण ‘क’ जीवनसत्त्व तुझं शरीर बनवत नाही. काकडी, लेट्यूस वगैरे धुऊन न निथळताच द्यायचं, तेवढंच पाणी पोटात जातं. बाटलीच्या नळीपेक्षा जड वाटीतून तू जास्त पितेस हे सईच्या लक्षात आलं, तेव्हापासून दोन्ही ठेवतो. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, म्हणून तुला पिण्याचं गाळलेलंच.

ऑपरेशनचा आकडा ऐकून आमच्याकडे एक नातेवाईक म्हणाले, ‘त्या पैशात असे वीस येतील.’ त्यांना तेव्हा काय सांगावं सुचलं नाही, आज सांगते. 1907 साली नॉर्वेमध्ये होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांनी गिनिपिगना फक्त धान्यावर ठेवलं. त्यांच्या हिरड्यांतून रक्त आलं, सांधे सुजले, ते मेले. खलाशांना शेकडो वर्षं मारणारा स्कर्व्ही पहिल्यांदा प्रयोगशाळेत उभा करता आला तो त्या जिवांमुळे. तुमच्या शरीरात आमच्यासारखीच ‘क’ जीवनसत्त्वाची उणीव नसती तर त्या जीवनसत्त्वाचा शोध कितीतरी लांबला असता. असे वीस खरंच आले असते. त्यांच्यातली एकही तू नसतीस, आणि दुखत होतं ते तुला.

एवढं करूनही खडा पुन्हा होतो. ऑपरेशन उत्तम झालं तरी होतो, कारण तुझ्या शरीराची घडण तीच राहते. नंतरच्या एक्स-रेत मूत्राशयात पुन्हा बारीकसा ठिपका दिसला आहे. डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवलंय ते इथे लिहून ठेवते, कारण तुझं बरं चाललेलं असतानाच हे ठरवणं शक्य आहे. ठिपका सरकत मूत्रमार्गाच्या तोंडाशी आला तर भूल देऊन चिमट्याने काढायचा; मादी असल्यामुळे तेवढी सोय तुला आहे. मूत्राशयातच मोठा झाला तर पुन्हा ऑपरेशन, तुझं वजन आणि मूत्रपिंडं साथ देत असतील तर. ती साथ देत नसतील, औषध चालू असून तू दात खात कोपऱ्यात बसून राहिलीस, गवताला तोंड लावेनाशी झालीस, तर तुला आमच्यासाठी ओढत ठेवायचं नाही. सईलाही हे सांगितलं आहे. ती रडली, मग म्हणाली, ‘आजी, पण औषध तोपर्यंत बंद करायचं नाही.’ नाही करणार. मेलॉक्सिकॅम चालू आहे, वाटी भरलेली आहे, पुढचा एक्स-रे महिनाअखेरीस आहे.

तुझी,
सईची आजी