फोन कुणाचा आहे?

स्क्रीनवर पेशंट दिसला की मी आधी झोपेचं विचारत नाही, भुकेचंही नाही. ‘हा फोन कुणाचा आहे?’ हा माझा पहिला प्रश्न. ‘आत्ता जवळ कोण बसलंय?’ हा दुसरा. मानसोपचाराच्या शिक्षणात हे प्रश्न मला कुणी शिकवले नाहीत. एका चुकीने शिकवले, आणि त्या चुकीची किंमत माझ्या पेशंटने मोजली.

मी सोलापुरात प्रॅक्टिस करते. माझे निम्मे पेशंट सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट या बाजूचे. एका तपासणीसाठी एसटीने येणं-जाणं म्हणजे त्यांचा अख्खा दिवस जातो, रोज बुडतो, शिवाय दवाखान्याच्या पाटीखाली गावातलं कुणी बघेल ही धास्ती असतेच. 2020 साली 25 मार्चला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. कुठलं औषध फोनवर लिहून देता येतं, कुठलं व्हिडिओशिवाय नाही, कुठलं अजिबातच नाही, हे त्यात नीट मांडलं होतं. पेशंटने स्वतःहून फोन केला तर त्याची संमती धरावी, असंही होतं. मला ते सगळं पटलं. आम्ही दवाखान्यात भेटीच्या वेळा ठरवणारं एक सॉफ्टवेअर घेतलं. आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज आपोआप जावा म्हणून त्यातल्या चौकटीत टिक मी माझ्या हाताने केली.

तेव्हा एक मुलगी माझ्याकडे होती. लग्नाला दीड वर्ष झालेलं. उपचार माहेरी असताना सुरू झाले होते, सासरी कुणाला माहीत नव्हतं. तिने दिलेला नंबर सासऱ्यांच्या फोनचा होता, कारण घरात दुपारी तोच एक फोन असायचा. एका संध्याकाळी त्या फोनवर मेसेज गेला. त्यात तिचं नाव, दुसऱ्या दिवशीची वेळ, आणि दवाखान्याच्या नावातला ‘मानसोपचार’ हा शब्द. दुसऱ्या दिवशी ती स्क्रीनवर आली नाही. तीन आठवड्यांनी फोन आला तो तिच्या भावाच्या मोबाइलवरून, माहेरहून. गोळ्या सासूबाईंनी चुलीत टाकल्या होत्या. उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा तिचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम 23 मध्ये लिहिलेला आहे. मला तो पाठ होता.

त्या दिवसापासून माझ्या केसपेपरवर नंबराच्या पुढे एक रकाना आहे: फोन कुणाचा, किती वाजता मोकळा असतो, मेसेज चालतो का. मेसेजमध्ये दवाखान्याचं नाव नसतं. ज्यांना घरात बोलायची चोरी आहे त्यांच्याशी मी एक वाक्य ठरवून ठेवते. ‘दूध तापायला ठेवलंय’ असं पेशंट म्हणाली की कुणीतरी आत आलं असं मी समजते आणि हो-नाही एवढ्यावर उत्तरं मिळतील असे प्रश्न विचारू लागते. एक बाई गोठ्यातून बोलतात. एक कॉलेजचा मुलगा पाण्याच्या टाकीवर चढून बसतो, तिथेच रेंज येते आणि तिथेच एकटेपणा मिळतो.

एकांत मिळाला की पडद्यावरूनही पुष्कळ दिसतं. दवाखान्यात पेशंट गोळ्या नियमित घेतो असं सांगतो. घरी मी म्हणते, पाकिटं दाखवा. मग टीव्हीच्या मागून न फोडलेल्या तीन स्ट्रिप निघतात आणि आमचं खरं बोलणं तिथून सुरू होतं. हात मात्र चौकटीबाहेर राहतात, आणि लिथियम चालू असलेल्या माणसाचे हात मला दिसलेच पाहिजेत. औषध रक्तात जास्त झालं की थरथर वाढते, तोल जातो, उलट्या-जुलाब होतात. उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी झालं तरी ही पाळी येऊ शकते. म्हणून मी सांगते, ‘दोन्ही हात पुढे करा, बोटं पसरा, आणि वहीचा एक कागद पालथ्या हातावर कुणाला तरी ठेवायला सांगा.’ नुसत्या डोळ्यांना न दिसणारी बारीक थरथर कागदाच्या कडेला दिसते. मग त्यांना दारापर्यंत चालत जाऊन परत यायला लावते. जरा जरी शंका आली तरी पडद्यावर वेळ घालवत नाही; जवळच्या लॅबमध्ये रक्त द्या आणि आजच या, असं सांगते.

एकांताची ही गरज यंत्रापुढेही सुटत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम या संगणकतज्ज्ञाने 1966 साली ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो मानसोपचारतज्ज्ञासारखा माणसाचंच बोलणं उलटून प्रश्नरूपात विचारायचा. वायझेनबॉमच्या सेक्रेटरीने तो बनताना पाहिला होता. तरी त्याच्याशी थोडं बोलल्यावर तिने साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. यंत्राला माणूस समजण्याचा धोका दाखवायला हा प्रसंग नेहमी सांगतात, आणि तो धोका आहेच. मला मात्र त्यात त्या बाईची गरज आधी दिसते. मनातलं बोलायचं तर खोली रिकामी हवी होती. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या नंबरावर आज मराठीतही प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलता येतं. हा नंबर मी प्रत्येक पेशंटला लिहून देते आणि तेव्हाच विचारते, कुठे बसून लावाल?

नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आम्ही वापरतो. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. ती आता लिंकवर पाठवता येते, बेरीज आपोआप होते. नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. गेल्या वर्षी मंगळवेढ्याकडच्या एका आजींचे गुण आले एकोणीस, आणि नवव्याला शून्य. आजींना वाचता येत नाही. प्रश्न मुलाने वाचून दाखवले होते, उत्तरांवर बोट त्यानेच ठेवलं होतं. भला मुलगा, आईला जपणारा. पोटच्या पोराने विचारल्यावर कुठली आई त्या प्रश्नाला हो म्हणेल?

मी व्हिडिओ लावला. आजी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, मुलगा फोन धरून शेजारी. मागे मोटारीचा आवाज येत होता. मी म्हटलं, ‘दादा, फोन कशाला तरी टेकवून ठेवा आणि तेवढी मोटार बंद करून या. ऐकू येत नाहीये.’ त्याने फोन तांब्याला टेकवला आणि तो विहिरीकडे गेला. आजींनी त्याच्या पाठीकडे बघितलं. मग पदराने तोंड पुसलं, दोन्ही हातांनी फोन उचलून चेहऱ्याजवळ आणला, इतका जवळ की मला फक्त त्यांचे डोळे आणि कुंकू दिसत होतं.

‘आता इचारा,’ त्या म्हणाल्या.