घोंगडी आणि गॅसची नळी

उन्हाळा सरत आला, म्हणजे पानशेतच्या जलाशयाचे पाणी खाली जाते आणि काठाला गाळाची रुंद पट्टी उघडी पडते. माझे मामा तो गाळ पाट्यांनी भरून आणीत, पाण्यात कालवीत, कापडातून गाळून घेत आणि तुडवून तुडवून कणकेसारखा मऊ करीत. मामा काही जातिवंत कुंभार नव्हेत. शाळामास्तरकीतून निवृत्त झाल्यावर त्यांना चाकाचा नाद लागला, तो लागलाच.

आरंभी ते गोवऱ्या आणि पेंढा रचून उघड्यावर आवा लावीत. पण आव्यातली धग एका जागी कमी, तर एका जागी जास्त; झिलई दिलेल्या वाडग्यांना ती मानवत नसे. शिवाय आमच्या या डोंगरकपारीत पाऊस सुरू झाला, की आवा कसला लागतो! म्हणून एका वर्षी मामांनी घरामागच्या रिकाम्या गोठ्यात गॅसची भट्टी बसविण्याचे ठरविले. सहावीची परीक्षा देऊन मी नुकताच त्यांच्याकडे आलो होतो. गोठ्याला चुना लावताना मी निम्मा चुना स्वतःलाच लावून घेतला, हे सांगायला हरकत नाही.

गॅसची जोडणी करायला पुण्याहून एक म्हातारे मिस्त्री आले. मामांच्या मनात स्वयंपाकघरातलाच सिलिंडर वापरावा असे होते. मिस्त्रींनी मान हलविली. घरगुती सिलिंडर चुलीपुरता; अशा कामाला १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर घ्यावे लागतात, असे त्यांनी बजावले. ते सिलिंडर त्यांनी गोठ्याबाहेर, आडोशाला, सपाट ओट्यावर उभे केले. तेथून धातूची नळी भिंतीवरून उघडीच आत नेली. एक कॉक बाहेर सिलिंडरांपाशी बसविला, दुसरा आत भट्टीपाशी. मग त्यांनी गोठ्याची जुनी मोरी बुजविली आणि भिंतीच्या तळाशी, अगदी जमिनीलगत, दोन झरोके पाडावयास लावले.

"झरोके वर असतात ना?" मी विचारले.

"हा वायू हवेहून जड हाय, बाळ," मिस्त्री म्हणाले. "गळला, तर पाण्यावानी खाली उतरतो अन् खड्ड्यात साचतो. त्याला खालूनच वाट पायजे. कोंडलेलं काय करतं, ते ह्या गावाला सांगाया नको."

त्यांचा रोख मला कळला. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे पानशेतचे धरण, पुरते बांधून होण्याआधीच, फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरण पुढे पुन्हा बांधले गेले; पण तो दिवस म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून डोकावतो.

जोडणी झाल्यावर मिस्त्रींनी नळीत हवा दाबून भरली आणि प्रत्येक सांध्यावर साबणाच्या पाण्याचा फेस लावला. कोठे बुडबुडा येतो का, हे पाहण्याचे काम माझे. एकही आला नाही. मग त्यांनी गॅस सोडून भट्टीचा बर्नर पेटवून दाखविला, विझविला आणि सायंकाळच्या गाडीने ते परत गेले.

त्याच रात्री वळवाचा पाऊस कोसळला. "जा, बाहेरचा कॉक बंद करून ये," मामांनी मला सांगितले. मी घोंगडी पांघरून गोठ्यात गेलो आणि आतला कॉक बंद केला. बाहेरच्यापाशी जायचे, तर वळचणीच्या धारेत भिजावे लागले असते. 'एक बंद, तर सगळेच बंद,' असा मी हिशेब केला. झरोक्यांतून झड आत येत होती. वाडगी भिजू नयेत म्हणून मी दोन्हींत गोणपाटे कोंबली. भिजलेली जड घोंगडी भिंतीवरच्या नळीला अडकवून ठेवली आणि काम चोख केल्याच्या समाधानात झोपी गेलो.

पहाटे मामा गोठ्यात शिरले. मी मागे होतो. त्यांनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला. पण आत चपला न्यायच्या नाहीत ही त्यांची शिस्त, म्हणून आधी ते उंबऱ्याशी वाकले. वाकले, ते तसेच थांबले. कुजक्या कांद्यासारखा वास! गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. उभ्या माणसाला न आलेला तो वास वाकलेल्याला आला.

"मागे हो! बटणाला हात लावू नकोस!" मामांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी धावत जाऊन बाहेरचा कॉक फिरविला, बाहेरूनच गोणपाटे ओढून काढली, दार सताड उघडले आणि मला दूर आंब्याखाली नेऊन बसविले. बटणाची बारीकशी ठिणगीही तेथे पुरली असती. तासाभराने फेस लावून पाहिले, तेव्हा घोंगडी जेथे लोंबत होती, तेथल्याच सांध्यावर बुडबुडे आले.

मी सगळे कबूल केले. मामा रागावले नाहीत; नुसते फार वेळ गप्प बसले. मला ते रागावण्याहून जड गेले.

मिस्त्री पुन्हा आले, सांधा नवा केला. मग भट्टी लागली. सुरुवातीचे कित्येक तास आच अगदी मंद; मातीतला ओलावा एकदम वाफ झाला, तर भांडे फुटते. पुढे ती हजार अंशांच्या आसपास चढवायची. आत असा जाळ आणि बाहेर सिलिंडर मात्र गारठलेले, अंगावर दव आलेले! द्रवाचा वायू होताना तो उष्णता ओढून घेतो, म्हणून गॅसचा जोर कमी होतो. तो भार वाटला जावा म्हणूनच मिस्त्रींनी सिलिंडर एकाऐवजी अनेक जोडले होते.

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली. वाडगी निळीहिरवी झाली होती. दोन तडकली होती. शाळा उघडेपर्यंत मी तेथे राहिलो. बाहेरचा कॉक बंद करण्याचे काम मामांनी माझ्याकडेच ठेवले, आणि गोठ्याच्या दाराबाहेर घोंगडीसाठी एक खुंटी ठोकली.