साकवाखालचे पाणी

मी पाचवीत असताना दिवाळीला आमच्या घरी पहिल्यांदा विकतचे पोहे आले. ज्यांचे बालपण गोव्याबाहेर गेले त्यांना या वाक्यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जळला की घरोघर पोह्यांचा थाट असतो: दुधातले, दह्यातले, गूळखोबऱ्याचे, नारळाच्या रसातले, तिखट फोडणीचे. आणि ते पोहे घरच्या नव्या भाताचे असावेत, हा आमच्या आजीचा कायदा. त्या वर्षी तिने दुकानातली पुडी हातात घेतली, वजन पाहावे तशी वरखाली केली, आणि काही न बोलता ती आत गेली. आजी बोलली नाही की आम्ही पोरे घाबरत असू.

कारण सर्वांना ठाऊक होते. आमचे गाव डिचोली तालुक्यातले. मागच्या डोंगरात लोखंडाची खाण. एक टन खनिज काढायचे तर अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. तिचे ढीग, म्हणजे आमच्या भाषेत 'डंप', डोंगराशेजारी दुसरा डोंगर होऊन उभे राहतात. पाऊस लागला की या दुसऱ्या डोंगराला पाय फुटतात. तो व्हाळाने खाली उतरतो आणि शेतात येऊन बसतो. आजीच्या शेतात तो त्या श्रावणात बसला. हिरवे भात तांबड्या चिखलाखाली गेले ते गेलेच.

व्हाळावर जुना दगडी साकव होता. पहिलीत असताना मी म्हशीच्या पाठीवर बसून त्याच्या कमानीखालून मान न वाकवता जात असे. पाचवीत मान वाकवावी लागू लागली. मला वाटले, आपण मोठे झालो! दहावीच्या वर्षी कमानीखालून फार तर कुत्रे जाऊ शके. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की माझ्याबरोबर व्हाळाचा तळही वाढत होता. पुढे पावसाळ्यात पाणी साकवाखालून न जाता साकवावरून जाऊ लागले, आणि पलीकडच्या वाडीतली मुले शाळेला मुकू लागली.

यात सांगायला अवघड अशी गोष्ट एकच आहे. माझे बाबा त्याच खाणीवर, काट्यावर कारकून होते. भरलेल्या ट्रकांची वजने ते वहीत मांडीत. त्या पगारावर माझी फी भरली गेली, पुस्तके आली, घरावर कौले चढली. खाणवाले दर वर्षी पिकाच्या नुकसानीची भरपाई देत, आणि गावात फिरून कागदांवर सह्या-अंगठे घेण्याचे कामही बाबांकडेच असे. त्या वर्षी एक कागद त्यांना आपल्याच आईपुढे ठेवावा लागला.

आजीने अंगठा शाईत बुडवला आणि तसाच हवेत धरून विचारले, "शेत मोकळं कधी करून देणार, ते लिहिलंय का रे ह्यात?"

बाबांनी कागद पुन्हा वाचला. पुन्हा वाचल्याने नवे शब्द उमटतील अशा आशेने वाचावा तसा. "नाही गे आई," ते म्हणाले. आजीने अंगठा उठवला आणि उरलेली शाई दाराच्या चौकटीला पुसली. तो डाग पुढे कितीतरी वर्षे तिथे होता. बाबांवर मी त्या दिवशी रागावलो, आणि तो राग मी फार दिवस सांभाळला.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे मेलबर्नला गेलो होतो. एका रविवारी ती मंडळी मला बेंडिगोला घेऊन गेली. मोटारीने दोन तासांचा रस्ता. शहर सोन्यावर उभे राहिलेले, देखणे. 1954 साली बंद पडलेली एक खाण तिथे पाहुण्यांना आत नेऊन दाखवतात. मला मात्र बागेजवळून वाहणाऱ्या ओढ्याने थांबवले. ओढा कसला, दगडांनी बांधून काढलेले गटारच ते! एवढ्याशा पाण्याला एवढा बंदोबस्त कशाला, या कुतूहलाने मी त्याची हकीकत शोधू लागलो, आणि वाचता वाचता मला आमचा व्हाळ भेटला.

1851 साली व्हिक्टोरिया ही ब्रिटिशांची स्वतंत्र वसाहत झाली आणि त्याच वर्षी तिथे सोन्याची झुंबड उडाली. बेंडिगोची माती चिकण. तिच्यातले सोने सुटे करण्यासाठी गोल चरात माती आणि पाणी घालून घोडा फिरवीत, आपल्याकडे घाण्याला बैल फिरतो तसा. सोने तळाशी बसे. उरलेला पातळ चिखल, ज्याला ते लोक 'स्लज' म्हणत, ओढ्यात सोडून देत. असे शेकडो घाणे रात्रंदिवस फिरू लागल्यावर ओढा भरला आणि चिखल रस्त्यांवर, परसांत, घरांत शिरला.

सरकार अडचणीत आले. परवान्याच्या जाचाविरुद्ध 1854 साली बॅलरॅटला खाणकऱ्यांनी बंड केले होते, रक्त सांडले होते. पुन्हा त्यांना दुखवायचे कोणी? आणि सोने तर सगळ्यांनाच हवे होते. शेवटी एक शाही आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल 1859 सालचा. आयोगाला काम काय दिले होते, तर सोन्याच्या प्रदेशातून हा चिखल हलवण्याचा उत्तम मार्ग सुचवा. मी शिक्षक माणूस. प्रश्नपत्रिका काढण्यात आयुष्य गेले. प्रश्न कसा विचारला यावर अर्धे उत्तर ठरते, हे मी जाणतो. चिखल करू द्यावा का, हे कोणी विचारलेच नव्हते. कुठे न्यावा, एवढेच विचारले होते. तेव्हा उत्तरही तसेच आले: चर खणून तो शहराबाहेर, उत्तरेच्या सपाटीवर न्यावा. आपल्या अंगणातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटायचा, आणि त्याला सफाई म्हणायचे!

सपाटीवर शेतकरी होते. पुढे दगड कुटणारी यंत्रे आली, डोंगर पाण्याच्या झोताने फोडणे आले, आणि नद्यांचे तळ वर येत गेले. तळ वर आला की पुलाखालची वाट अरुंद होते, पुराचे पाणी पुलावरून आणि काठावरून उसळते. मग पूल उंच करा, नाहीतर नवा बांधा. आणि खर्च स्थानिक मंडळांच्या माथी. सोने एकाचे, पूल दुसऱ्याचा. 1886 साली पुन्हा चौकशी झाली. चोथा जागीच अडवा असे खाणवाल्यांना बजावणारे खास मंडळ मात्र 1905 साली आले. तोवर वसाहत जाऊन तिचे राज्यही झाले होते. कॅलिफोर्नियात एका न्यायाधीशाने 1884 सालीच अशा खाणींना मनाई केली होती. इथे चोपन्न वर्षे गेली.

सारे खापर गोऱ्या सरकारवर फोडावे, तर तीही सोय नाही. आमच्याकडे पोर्तुगिजांनी 1906 च्या फर्मानाने खाणी कायमच्या देऊन टाकल्या हे खरे. पण 1961 साली गोवा मुक्त झाला तेव्हा निशाण बदलले, व्हाळातला गाळ नाही बदलला. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, तेव्हा गाव एकाच वेळी सुटले आणि उपाशीही पडले. पुढे लिलाव झाले, काही ठिकाणी ट्रक पुन्हा धावू लागले.

परत आल्यावर ही सगळी हकीकत मी बाबांना सांगितली. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. शांतपणे ऐकून त्यांनी विचारले, "तिथेही कागद घेऊन कोणी फिरत असेल ना?"

"असेल," मी म्हणालो.

"तो कागद मी नेला नसता तर दुसऱ्याने नेला असता. पण दुसऱ्याने तिच्या हातात पैसे पुरते ठेवले असते की नाही, कोण जाणे." थोड्या वेळाने ते म्हणाले, "तिने विचारलं ते मी वर साहेबाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तुझी फी भरायची होती."

मी काय बोलणार? ज्याच्या फीसाठी प्रश्न गिळला गेला तोच मी, दुसऱ्यांच्या मुलांना प्रश्न विचारायला शिकवतो.

खाणी थांबल्या त्या काळात आम्ही दोघा भावांनी शेताचा एक कोपरा पाट्या-फावड्याने मोकळा केला होता. कोपराच तो, त्यात सूपभर, दोन सूप भात येते. यंदाही आले. आजी आता नाही, पण तिचा कायदा आहे. चतुर्दशीला दुधातल्या पोह्यांची पहिली वाटी बाबांपुढे ठेवीन. पोहे तांबडे असतील. बाहेरगावच्या वाचकांनी दचकू नये. तो रंग चिखलाचा नव्हे, आमच्या भाताचाच आहे.